आडनावाचं मूळ आणि कुळाची खूण कशी शोधावी: कोतवाल बुकापासून देवकापर्यंत

‘बोरकर म्हणजे बोरीचे’ एवढं सांगितलं की बहुतेकांना शोध संपल्यासारखा वाटतो. खरं तर तिथून तो सुरू होतो. बोरी, बोरगाव, बोरखेडी, बोरी बुद्रुक, बोरी खुर्द अशी गावं विदर्भात तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांपैकी आपलं कोणतं, तिथून घर कधी उठलं आणि ‘बोरकर’ हे नाव पहिल्यांदा कोणत्या कागदावर चढलं, हे कळल्याशिवाय आडनावाचं मूळ कळलं असं म्हणता येत नाही.

शोधाचा क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग कागद, मग गाव, मग आडनावाचा अर्थ आणि शेवटी कुळाची खूण. हाच क्रम उलटा धरला, म्हणजे आधी अर्थ ठरवून मग पुरावा शोधायला निघालं, की हवा तो पुरावा सापडत जातो आणि घराण्याच्या नावावर भलतीच कथा चढते.

घरातून सुरुवात

दोनशे पानी बांधीव वही घ्या. सुटे कागद हरवतात. डाव्या पानावर माणूस लिहा: नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि तिचं माहेर, जन्माचं साल, गाव. उजव्या पानावर ही माहिती कुठून कळली ते लिहा. ‘आजीनं सांगितलं’, ‘टीसीवर आहे’ आणि ‘फेरफारात आहे’ या तीन गोष्टींचं वजन सारखं नसतं, म्हणून हे पान कोरं सोडू नका.

एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरा. १९९० साली जन्मलेल्याचा बाप १९६०-६५ च्या सुमाराचा, आजा १९३०-३५ चा आणि पणजा १९०० ते १९०५ च्या आसपासचा निघतो. म्हणजे १९११-१२ च्या सुमाराच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, कागदात पणज्याचा बाप किंवा आजा हयात असायला हवा. आकडा यापासून फार हलला तर मधली एक पिढी सुटली आहे किंवा दोन भावांची नावं बाप-लेक म्हणून लागली आहेत. आज्याचंच नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे ‘गोविंदा वल्द सखाराम’ आणि ‘सखाराम वल्द गोविंदा’ एकाच घरात आलटून पालटून येतात. पिढ्या गळतात त्या बहुतेक इथंच.

पेटीतून काढायचे कागद असे: जुनी खरेदीखतं, टीसी, मृत्यूचे दाखले, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, पोथीच्या मागच्या पानावर टिपलेल्या जन्मवेळा, घरटॅक्सच्या पावत्या. लग्नपत्रिका फेकू नका. ‘निमंत्रक’ म्हणून छापलेली नावं आणि त्यांची गावं यांतून भाऊबंदकी कुठवर पसरली आहे ते एका दृष्टीत कळतं. खरेदीखताचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण स्टॅम्प कुणी आणि कधी घेतला ते मागच्या बाजूला असतं. फिकट शाईवर उजेड तिरपा पाडला तर अक्षर उठून दिसतं. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशनही करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत कागद तपकिरी करून खातो आणि लॅमिनेशन पुन्हा सुटत नाही.

म्हाताऱ्या माणसांना ‘आपलं मूळ काय?’ असं विचाराल तर ऐकीव गोष्ट मिळेल. त्याऐवजी नेमकं विचारा. सुतक कुणाकुणाचं पाळतो? कोणत्या आडनावात सोयरीक करत नाही? कुलदैवताला कुठं जातो? लग्नात देवक (कुळाची खूण म्हणून पुजतात ती वस्तू) कशाचं बसवतो? नवस फेडायला जुन्या कोणत्या गावी जात होतो? सुतक आणि सोयरीक या दोन प्रश्नांच्या उत्तरांना कागदाइतकंच वजन द्या. रोजच्या वागण्यातल्या या गोष्टी कुणी हौसेनं बनवून सांगत नाही. आजी, आत्या आणि मोठी आई यांच्याशी वेगळं बसून बोला. कोणाची लेक कुठं दिली हे बायकांना जास्त ठाऊक असतं.

सरकारी कागद: कुठं आणि कोणते

आपला जिल्हा त्या काळी कोणता होता, हे पहिल्यांदा तपासा. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, वाशीम १९९८ साली अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असू शकतात. आणखी मागे गेलात तर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, आणि बाशीम, म्हणजे वाशीम, हे १९०५ पर्यंत वऱ्हाडातले स्वतंत्र जिल्हे होते. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून तिकडचे जुने कागद उर्दूत सापडतात.

वऱ्हाड आणि नागपूर या दोन भागांची महसुली घडणच वेगळी आहे, हेही ध्यानात ठेवा. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथं मुंबईच्या धर्तीवर रयतवारी बसली, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरू लागला. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा भरणारा मालगुजार गावाचा मालक धरला जाई. म्हणून वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागांतल्या जुन्या कागदात मालगुजाराचं नाव ठळक असतं. आपला पणजा जमीन कसत होता पण मालक नव्हता, एवढ्यामुळे तो मालकांच्या यादीत दिसत नाही. त्याला काश्तकारांच्या नोंदीत शोधा. ‘जमिनीच्या कागदात आमचं नावच नाही’ म्हणून निराश होणारे बहुतेक जण फक्त मालकीचं पान पाहून परतलेले असतात.

आजपासून मागे जाताना कागदांचा क्रम साधारण असा लागतो. आधी सातबारा आणि आठ-अ. मग फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. त्याआधी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. त्याच्याही मागे बंदोबस्ताच्या वेळची मिसल आणि पी-१ हे जमिनीचे कागद, वऱ्हाडात हक्कनोंदणी. यांपैकी वारस फेरफारासारखा कामाचा कागद दुसरा नाही, कारण मेलेला माणूस, मरणाचा सुमार आणि वारस एकाच नोंदीत येतात, कधी कधी लेकीसुद्धा. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर वर्तुळात लिहिलेले असतात. सगळ्यात जुना नंबर घ्या आणि तोच मागा.

सातबाऱ्यावरची दोन संक्षेप-चिन्हं लोकांना हमखास चकवतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. असं लिहिलेलं असेल तर नाव फक्त कर्त्या भावाचं असतं, बाकीचे भाऊ त्याच्या आड असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. तिथं आईचं किंवा काकाचं नाव आलं म्हणून त्याला बाप समजू नका.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे कोतवाल पंजीत मिळते. गाव नमुना १४ म्हणूनही ती मागतात. कोतवाल सांगायचा आणि लिहिणारा दुसराच असायचा, म्हणून नाव कानावर पडलं तसं उतरलेलं असतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारशाआधीच खबर दिलेली असे. ‘सखाराम यास मुलगा झाला’ एवढंच असतं. बाळाच्या नावानं शोधत बसलात तर ओळीवरून नजर घसरून जाईल. बापाच्या नावानं आणि तारखेच्या सुमारानं शोधा.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका. गावची शाळा जुनी असेल तर आज्याच्या पिढीचं आडनाव, जात, जन्मतारीख आणि पालकाचा धंदा एका ओळीत मिळतो. मात्र जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली असू शकते. एकाच वर्षी दाखल झालेल्या पाचसहा मुलांची तारीख १ जुलै दिसली तर ती खरी धरू नका.

नकलेचा अर्ज तहसील कार्यालयात, जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात किंवा उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे करायचा असतो. अर्जात गावाचं नाव, तालुका, साझा (तलाठ्याचा हलका), जुना सर्व्हे नंबर किंवा खसरा नंबर, नोंद कोणत्या सालातली आणि कोणाच्या नावाची हे लिहा. ‘आमच्या घराण्याचे सर्व कागद द्यावेत’ असा अर्ज कुणी पुढे सरकवत नाही. एका अर्जात एकच गाव आणि एकच प्रकारचा कागद मागा, म्हणजे नाकारायला कारण उरत नाही. ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले कागद घरबसल्या मिळतात. तिथं गावाचं जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं घालून पाहा. काहीच हाती लागलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि पानामागे दोन रुपये पडतात. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

कागद वाचताना

‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जोजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘कौम’ म्हणजे जात, ‘साकिन’ किंवा नुसतं ‘सा.’ म्हणजे राहणार. ‘सखाराम वल्द गोविंदा कौम कुणबी सा. मजकूर’ या ओळीत आडनाव कुठंच नाही, आणि तसं ते नसतंच. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रामीण कागदात माणसाची ओळख बापाचं नाव, जात आणि गाव एवढ्यावर भागत असे. आडनाव बऱ्याच घरांत शाळा, नोकरी, कोर्ट किंवा जमिनीची खरेदी अशा एखाद्या प्रसंगी कायमचं चिकटलं. म्हणून जुन्या कागदात आडनाव शोधू नका, माणूस शोधा. आडनाव ज्या पहिल्या कागदावर दिसेल त्याचं साल लाल शाईनं लिहून ठेवा. त्या सालाइतका नेमका धागा दुसरा मिळत नाही.

‘सा. मजकूर’ म्हणजे याच गावचा. त्याऐवजी दुसऱ्या गावाचं नाव आलं की तिथं थांबा. हा बाहेरून आलेला माणूस आहे आणि आपलं आधीचं गाव बहुधा तेच आहे.

आता उच्चार आणि लेखन. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो आणि ‘ण’ चा ‘न’ होतो. काळेंना गावात ‘काये’ म्हणतात. हिंदी जाणणाऱ्या कारकुनानं तेच ‘काले’ लिहिलं, इंग्रजीतून परत येताना कुणी ‘केल’ केलं. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’, ‘चव्हाण’ आणि ‘चवान’, ‘ढवळे’ आणि ‘ढवले’ ही एकाच माणसाची नावं असू शकतात. आपल्या आडनावाची निदान पाच रूपं आधी कागदावर लिहा आणि प्रत्येक यादीत पाचही शोधा.

सालं बदलून घ्या. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, फसली असेल तर ५९० मिळवा. एका वर्षाचा फरक पडू शकतो, कारण ही वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. मोडी कागद स्वतः वाचता येत नसेल तर पुराभिलेख विभागाची मोडी परीक्षा पास झालेल्या वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. फक्त ‘सारांश’ घेऊ नका. ओळीला ओळ मागा, कारण सारांशात वाचणाऱ्याचा अंदाज मिसळतो.

अर्थ लावणं

एवढं झाल्यावर आडनाव फोडायला बसा. शेवटचं अक्षर आधी पाहा, पण त्यावर निकाल देऊ नका.

‘-कर’ गाव सांगतो: अकोटकर, दर्यापूरकर, पुसदकर. गावाचं नाव ‘ए’ लागूनही येतं: रामटेके, नागपुरे. ‘-वार’ मात्र जपून. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या तेलंगणाच्या शेजारच्या पट्ट्यात तो तेलुगूतल्या ‘वारु’ या आदरार्थी बहुवचनातून आलेला असतो आणि त्याच्या आधीचा शब्द तेलुगू घराण्याचं नाव असतं. तिथं मराठी अर्थ लावू गेलात तर चुकाल. भंडारा-गोंदियाकडे ‘-वार’ गावाच्या नावालाही लागतो. लांजेवार हे आडनाव लांजीशी जोडतात आणि लांजी आज मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे.

देशमुख, देशपांडे, पाटील, चौधरी, महाजन, चिटणवीस, पोतदार हे हुद्दे आहेत. त्यांच्या खाली जुनं आडनाव गाडलेलं असतं. ते सोयरीक जुळवताना बाहेर येतं, ‘देशमुख खरे, पण मूळचे कोण?’ या प्रश्नात. एकाच हुद्द्याची माणसं अनेक जातींत आणि धर्मांत असतात, म्हणून दोन देशमुखांचं नातं आडनावावरून कधीच धरू नका.

मेश्राम, गेडाम, ठाकरे, वानखडे यांसारखी आडनावं एकाहून जास्त समाजांत आढळतात. कुठल्याही समाजाचा माणूस असो, आडनाव सारखं दिसलं म्हणून त्याची वंशावळ आपल्या वहीत उतरवू नका आणि आपलं कुळ त्याच्यावर लादू नका. आणि ही वही म्हणजे जातीच्या दाखल्याचा पुरावा नव्हे. तो पुरावा वेगळ्या नियमांनी तपासला जातो.

गोंड घराण्यांत आडनाव म्हणजेच कुळ, आणि पुष्कळदा त्यात झाड किंवा प्राणी असतो. गोंडीत टेका म्हणजे साग, त्यावरून टेकाम. मरका म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. नै म्हणजे कुत्रा, त्यावरून नैताम. यांचा अर्थ गोंडी जाणणाऱ्याकडूनच लावा. मराठी शब्दाशी साम्य पाहून लावलेला अर्थ इथं हमखास फसतो.

गाव शोधताना ‘रीठ’ हा शब्द लक्षात ठेवा. विदर्भात कित्येक मौजे ओस पडलेले आहेत. महसुलात त्यांना रीठ किंवा बेचिराग म्हणतात. नकाशावर वस्ती नाही पण गावाचं नाव, शिवार आणि मारुतीची मूर्ती आहे, असं तिथं दिसतं. आडनाव ज्या गावावरून पडलं ते गाव असं असेल तर आजच्या गावांच्या यादीत ते मिळणार नाही. तलाठ्याच्या मौजेवार यादीत पाहा, शेजारच्या गावच्या गुराख्याला विचारा. १९०६ ते १९११ या काळात निघालेली जिल्हा गॅझेटियर गावांची जुनी नावं ओळखायला मदत करतात.

समजा आडनाव बोरकर आहे आणि चार उमेदवार गावं आहेत. प्रत्येकासमोर चार प्रश्न लिहा. तिथं आजही आपलं देवक पाळणारी घरं आहेत का? कुलदैवताची वाट तिथून जाते का? जुन्या कागदात ‘सा.’ पुढे ते नाव आलं आहे का? आणि तिथं राहणाऱ्यांना कुणी बोरकर म्हणतं का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव चिकटत नाही, ते बाहेर पडलेल्याला चिकटतं. म्हणून बोरीत बोरकर न सापडणं हा विरुद्ध पुरावा नाही. नागपूरच्या भोसल्यांना हिंगणीकर भोसले म्हणतात ते याच रीतीनं: एकाच आडनावाच्या शाखा वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून गाव पुढे जोडलं गेलं.

स्पेनकडून शिकण्यासारखं

आडनाव टाइप केलं की मोबाइलवर सिंह, मुकुट आणि ढाल असलेलं ‘तुमचं कुलचिन्ह’ छापून मिळतं. ही ढाल युरोपातली आहे. स्पेनमध्ये ती परंपरा खोल रुजलेली असल्यामुळे तिथले नियम समजून घेतले की आपल्याकडे काय घ्यावं आणि काय घेऊ नये ते स्पष्ट होतं.

स्पॅनिश आडनावांचे प्रकार ओळखीचे वाटतील. ‘-एझ’ म्हणजे अमक्याचा मुलगा: रॉड्रिगोचा रॉड्रिगेझ, सांचोचा सांचेझ, फर्नांडोचा फर्नांडेझ. आपल्या ‘वल्द’चंच काम ते करतं, फरक इतकाच की ते पुढं कायमचं गोठलं. एर्रेरो म्हणजे लोहार. टोलेडो, मेदिना, नावार्रो ही गावा-प्रांतावरून पडलेली. उत्तरेकडच्या बास्क प्रदेशात आडनाव घरावरून पडतं: एचेवेरीया म्हणजे नवं घर. आपल्याकडचे नवघरे आठवतील, पण दोघांचा काडीचा संबंध नाही. अर्थ एक असला तरी मूळ एक नसतं. आणि स्पेनमधलं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव गार्सिया, त्याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तुमच्या वहीतही ‘अनिश्चित’ असा एक रकाना असू द्या.

तिथं माणूस दोन आडनावं लावतो, आधी बापाचं, मग आईचं. कवी फेदेरीको गार्सिया लोर्का यांचे वडील गार्सिया, आई लोर्का. त्यामुळे आजोळ कागदावरच टिकतं. आपल्याकडे बायकोचं माहेर दोन पिढ्यांत पुसलं जातं. वहीच्या डाव्या पानावर आईच्या माहेराचा रकाना ठेवायला सांगितला तो याचसाठी.

फिलिपिन्समध्ये स्पेनचं राज्य असताना, १८४९ साली गव्हर्नर क्लावेरिया यांनी हुकूम काढून छापील यादीतून लोकांना आडनावं वाटली. कित्येक गावांत एकाच अक्षरानं सुरू होणारी आडनावं पसरली. नाव स्पॅनिश, पण रक्त स्पॅनिश नाही आणि एकमेकांचं नातंही नाही. आपल्याकडे गुरुजीनं किंवा कारकुनानं दिलेलं आडनाव हीच गोष्ट लहान प्रमाणात सांगतं.

आता ढाल. स्पेनमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नसे, ते एका माणसाला किंवा त्याच्या वंशाला मिळे. सगळ्या लोपेझांचं एक चिन्ह असं काही नसतं. बिस्काय प्रांताचे धनी असलेल्या आरो घराण्याच्या ढालीवर दोन काळे लांडगे होते आणि त्या घराण्यात लोपे हे नाव पुन्हा पुन्हा यायचं. लोपे हा शब्द लॅटिनमधल्या लांडग्यावरून आलेला. चिन्हच नाव बोलतं. पण उद्या कुणी लोपेझ आहे म्हणून ते लांडगे त्याचे होत नाहीत. चित्रकार वेलाझकेझ यांना सांतियागो या सरदारांच्या मानाच्या संघात प्रवेश हवा होता, तेव्हा त्यांच्या पूर्वजांच्या गावांत माणसं पाठवून शंभराहून जास्त साक्षी घेतल्या गेल्या आणि १६५९ साली प्रवेश मिळाला. चौकशी झाली ती वंशाची. नुसतं आडनाव पुढे करून तिथंही भागलं नाही. वंशावळ सिद्ध न करता ‘आडनावाची ढाल’ विकणं हे स्पेनच्या नियमानंही खोटंच ठरतं.

आपली खूण कुठं असते

आपल्याकडे ढालीची जागा देवकानं घेतली आहे. लग्नात जे बसवतात तेच: पंचपल्लव, कळंब, उंबर, वासनवेल, मोराचं पीस, तलवारीचं पातं, घराण्यागणिक वेगळं. नाव बोलणारं चिन्ह आपल्याकडेही आहे. मोऱ्यांकडे मोराचं पीस, साळुंख्यांकडे साळुंकीचं. इथं घाई नको. नावावरून पीस आलं की पिसावरून नाव, हे देवक पाहून ठरत नाही. वहीत फक्त ‘देवक: मोरपीस’ एवढं लिहा.

देवक नोंदवताना नुसतं नाव पुरत नाही. झाडाची फांदी कोणत्या दिशेची तोडतात, पानं किती घेतात, कोण आणतं, मांडवात कुठं बांधतात आणि त्या झाडाचं लाकूड घरात जाळतात की नाही, हे सगळं लिहा. दोन घरांचं देवक ‘पंचपल्लव’ असतं, पण पानांची यादी जुळत नाही. यादी जुळली आणि सोयरीकही होत नसली तर भाऊबंदकीचा धागा बळकट होतो.

गोंड समाजात ‘किती देवांचे?’ हा प्रश्न आडनावाआधी येतो: चार, पाच, सहा की सात. एका गटातल्या कुळांत लग्न होत नाही, आणि प्रत्येक कुळाला जपायचं झाड, प्राणी किंवा पक्षी असतो. कुळकथा परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, गातात, बाना हे तंतुवाद्य वाजवून. ती ऐकायची असेल तर मान देऊन, त्यांच्या रीतीनं बिदागी देऊन ऐका आणि परवानगी असेल तरच ध्वनिमुद्रण करा. पेनठाण्याचा, म्हणजे त्यांच्या देवस्थानाचा, फोटो न विचारता काढू नका. इतर समाजांत भाटांची वही असते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही नामावळी असतात. तिथं जाताना आजचं गाव सांगून भागत नाही. जुनं गाव आणि जात सांगितली की चोपडा सापडतो.

राजचिन्हांशी गल्लत करू नका. गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीला दाबून धरणारा सिंह आहे. पहिला वऱ्हाडच्या इमादशाहीच्या काळाशी जोडला जातो, दुसरा चांद्याच्या गोंड राजांचा. ही सत्तेची चिन्हं आहेत, वेशीत राहणाऱ्या प्रत्येक घराची नव्हेत. स्पेनच्या राजढालीवरचा किल्ला कास्तियाचा आणि सिंह लेओनचा, तसंच हे.

चिन्ह काढायचंच असेल तर

घराण्याच्या मेळाव्यासाठी किंवा वंशावळीच्या पहिल्या पानासाठी खूण काढायला हरकत नाही. युरोपी ढाल आणि मुकुट सोडा. एक देवक, एक गाव ओळखवणारी वस्तू आणि एक कसण्याची वस्तू एवढ्या तीनच गोष्टी घ्या, उदाहरणार्थ उंबराचं पान, गावची पांढरी किंवा नाला, आणि तिफण. तीनहून जास्त घातल्या की शिक्क्याएवढ्या आकारात सगळं एकमेकांत मिसळतं. दोन इंच रुंदीचं काळं-पांढरं रेखाटन आधी करा. ते दहा फुटांवरून ओळखू आलं तरच रंग भरा, आणि रंग तीनपेक्षा जास्त नकोत.

गोंड कुळाचं जपायचं झाड-जनावर किंवा दुसऱ्या घराण्याचं देवक शोभेसाठी उचलू नका. आपल्याच देवकाबद्दलही घरातल्या थोरांना आधी विचारा, कारण काही घरांत ते उघड मांडत नाहीत.

चित्राच्या खाली ते कोणी काढलं, कोणत्या साली काढलं आणि त्यातली प्रत्येक वस्तू कशावरून घेतली हे तीन ओळींत लिहा. ‘उंबर: लग्नातलं देवक, आजीच्या सांगण्यावरून. नाला: १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखातल्या शेताच्या चतुःसीमेवरून. तिफण: या वर्षी नव्यानं घातली.’ पन्नास वर्षांनी हेच चित्र फार जुनं म्हणून कुणी पुढे करू नये म्हणून या तीन ओळी चित्राच्या त्याच कागदावर, पेन्सिलीनं नव्हे तर न पुसणाऱ्या शाईनं लिहा.